एकवीस दिवसांचा हिशेब

परळला टाटा रुग्णालयातून बाहेर पडून आचार्य दोंदे मार्गाला लागलं की चालत पाचेक मिनिटांवर नवरोसजी वाडिया प्रसूतिगृह येतं. दोन्हीकडे रक्ताची एक तपासणी सारखीच होते, बीटा एचसीजीची. प्रसूतिगृहात हा आकडा वाढलेला आला की घरी फोन जातो आणि सासूबाई देवापुढे साखर ठेवतात. टाटात तोच आकडा बावीस-पंचवीस वर्षांच्या मुलाच्या कागदावर वाढलेला दिसला, तर डॉक्टर आधी त्याला बसायला सांगतात आणि सोबत कोण आलंय ते विचारतात.

एचसीजी बनवणं हे गर्भारपणातल्या वारेचं काम. तरण्या पुरुषाच्या अंगात वार कुठून येणार? पण वृषणातल्या बीजपेशींना कर्करोग झाला की त्या गर्भातल्या पेशींसारख्या वागू लागतात. काही वारेची नक्कल करतात आणि रक्तात एचसीजी सोडतात. काही अल्फा फीटोप्रोटीन, म्हणजे एएफपी, सोडतात. एरवी ते पोटातल्या बाळाचं यकृत बनवतं. तिसरा आकडा एलडीएचचा. अंगात कुठेही पेशी मोडल्या तरी तो वाढतो, त्यामुळे त्याच्या एकट्याच्या शब्दाला वजन नाही, पण रोगाचा पसारा किती आहे याचा अंदाज तो देतो. रोग पोटातल्या गाठींपर्यंत, फुफ्फुसांपर्यंत पोचलेला असला तरी आज या तीन आकड्यांवरून ठरतं की मुलाला औषधाच्या तीन फेऱ्या द्यायच्या की चार, आणि कोणत्या औषधांच्या.

औषध म्हणजे इथे विषच. ते किती द्यायचं हे ठरवण्याआधी मोजायचं, ही शिस्त वैद्यकाला लागायला जवळजवळ सत्तर वर्षं गेली. त्या सत्तर वर्षांतला बराच काळ परळच्या याच दोन-चार रस्त्यांनीही पाहिला आहे.

टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झालं २८ फेब्रुवारी १९४१ रोजी, ऐंशी खाटांवर. दोराबजी टाटांच्या पत्नी मेहेरबाई ल्युकेमियानं गेल्या, १९३२ साली दोराबजीही गेले, आणि त्यांच्या नावाच्या ट्रस्टनं हे रुग्णालय उभारलं. जागा निवडली ती गिरण्यांच्या भोंग्यांवर दिवस चालणारं परळ. के.ई.एम. आणि सेठ जी. एस. वैद्यकीय महाविद्यालय १९२६ पासून तिथे होतंच, आणि त्याच्याही आधीपासून जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये हाफकिन संस्था होती. जी. एस.मधूनच डॉ. वसंत रामजी खानोलकर टाटाच्या प्रयोगशाळेत आले. भारतातल्या विकृतिशास्त्राचा पाया त्यांनी घातला असं सार्थपणे म्हटलं जातं. १९५२ साली परळमध्येच भारतीय कर्करोग संशोधन केंद्र निघालं, त्याचे पहिले संचालकही तेच. शस्त्रक्रियेकडे होते डॉ. अर्नेस्ट बोर्जेस, मूळचे गोव्याचे. टाटासमोरच्या रस्त्याला आज त्यांचं नाव आहे.

त्या काळात वृषणाच्या कर्करोगात शेवटचा शब्द सूक्ष्मदर्शकाचा असे. गाठ काढायची, काचेवर तिचा पातळ काप घ्यायचा, रंग द्यायचा आणि बघायचं. सेमिनोमा निघाला तर पोटातल्या लसिका ग्रंथींना किरणोपचार द्यायचे. हा प्रकार किरणांनी चांगला वितळतो, त्यामुळे बरेच जण वाचत. दुसरा प्रकार निघाला आणि छातीच्या एक्स-रेवर गोल पांढरे ठिपके दिसले, की डॉक्टरांच्या हातात फारसं काही उरत नसे. जगभर तेव्हा अशा शंभरातले पाच-दहाच जगत. जाणारा माणूस विशी-तिशीतला, म्हणजे नुकतं लग्न झालेला, नुकताच गिरणीत कायम झालेला, गावाकडे मनीऑर्डर पाठवणारा. आपल्याकडे हा रोग विरळा आहे. इंडियन कॅन्सर सोसायटीनं १९६३ साली मुंबईत देशातली पहिली लोकसंख्येवर आधारलेली कर्करोग नोंदणी सुरू केली, तेव्हापासूनच्या नोंदींत वर्षाला लाख पुरुषांमागे एकाहूनही कमी रुग्ण दिसतात. पण ज्या घरात तो शिरतो, तिथे कमावता हातच धरतो.

मोजमापाची सुरुवात बर्लिनला झाली. १९२७ साली सेल्मार आशहाइम आणि बर्नहार्ट झोंडेक यांनी गर्भवतीची लघवी उंदराच्या लहान पिल्लीला टोचली आणि तिच्या अंडाशयात बदल झाल्याचं पाहिलं. गर्भ राहिल्याची ही पहिली भरवशाची तपासणी. थोड्याच वर्षांत झोंडेकना तोच पदार्थ वृषणात गाठ असलेल्या पुरुषांच्या लघवीतही सापडला. १९३०च्या दशकात न्यूयॉर्कच्या मेमोरियल हॉस्पिटलमध्ये रसेल फर्ग्युसन यांनी त्याचं प्रमाण मोजायला घेतलं. पण उंदरांवर मोजलेला आकडा ढोबळ, आणि मोजून करायचं काय, हा प्रश्न होताच, कारण हातात औषध नव्हतं.

आकड्यावरून उपचार चालवण्याचं धाडस पहिल्यांदा केलं मिन च्यू ली या चिनी-अमेरिकी डॉक्टरांनी. ही हकिगत मला पुनःपुन्हा सांगाविशी वाटते. १९५६ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेत त्यांनी रॉय हर्ट्झ यांच्या बरोबरीनं वारेचा कर्करोग झालेल्या स्त्रियांना मेथोट्रेक्सेट दिलं. फुफ्फुसांतल्या गाठी विरघळल्या. एक्स-रे स्वच्छ झाला. तिथे इतर कुणीही औषध थांबवलं असतं, कारण औषधानं तोंडात फोड येत, केस जात, पेशी घटत. लींनी लघवीतलं एचसीजी पाहिलं. ते कमी झालं होतं, पण शून्यावर आलं नव्हतं. त्यांनी एक्स-रेपेक्षा आकड्यावर विश्वास ठेवला आणि आकडा पूर्ण उतरेपर्यंत औषध चालू ठेवलं. बऱ्या दिसणाऱ्या बाईला विष पाजतो, असा ठपका त्यांच्यावर आला आणि १९५७ साली त्यांची नोकरी गेली. पुढे दिसलं की ज्यांचं औषध लवकर थांबवलं होतं त्यांच्यात रोग परतला, आणि लींच्या रुग्णांत परतला नाही. १९७२ साली त्यांना लास्कर पुरस्कार मिळाला. मधल्या काळात, १९६० साली, त्यांनी तीन औषधं एकत्र करून पसरलेल्या वृषण-कर्करोगावरही वापरली होती, आणि काही जण खरोखर बरे झाले होते.

एएफपीचा शोध सोव्हिएत प्रयोगशाळांतला. मॉस्कोत गॅरी अबेलेव यांना १९६३ साली यकृताचा कर्करोग झालेल्या उंदरांच्या रक्तात गर्भातलं हे प्रथिन दिसलं, आणि पुढच्याच वर्षी युरी तातारिनोव यांनी ते माणसाच्या रक्तात दाखवलं. अचूक मोजण्याचं तंत्र आलं रोझलिन यालो आणि सॉलोमन बर्सन यांच्या रेडिओइम्युनोअसेतून, म्हणजे किरणोत्सारी खूण लावून रक्तातला कणभर पदार्थही मोजायच्या पद्धतीतून. यालोंना त्यासाठी १९७७ सालचं नोबेल मिळालं. बर्सन तोवर गेले होते. तरी एक अडचण उरली होती. मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी एलएच नावाचं संप्रेरक बनवते, ते एचसीजीसारखंच दिसतं आणि मोजताना दोन्हींची गल्लत होते. १९७२ साली जुडिथ वैतुकाइतिस आणि सहकाऱ्यांनी एचसीजीचा फक्त बीटा भाग पकडणारी तपासणी काढली आणि ही गल्लत बरीचशी मिटली. आजच्या कागदावर ‘बीटा’ लिहिलेलं असतं ते त्यामुळे.

इकडे १९६२ साली टाटा रुग्णालय अणुऊर्जा खात्याकडे गेलं होतं, आणि १९६३ साली परळमध्येच अणुऊर्जा खात्याचं रेडिएशन मेडिसिन सेंटर सुरू झालं. कर्करोग रुग्णालय अणुऊर्जेकडे का, असं लोक आजही विचारतात. कारण उपचाराचे किरण आणि तपासणीचे समस्थानिक दोन्ही तुर्भ्याच्या अणुकेंद्रातून येणार होते.

मोजायला साधन आलं. आता औषध हवं होतं, आणि त्यातलं एक आमच्या चाळीच्या गॅलरीत होतं. लालबागच्या त्या गॅलरीत डालड्याच्या रिकाम्या डब्यांत दोनच झाडं हटकून असत, तुळस आणि सदाफुली. सदाफुलीला कुणी खत घालत नसे, पाण्याचीही आठवण झाली तर झाली. देठ मोडला की पांढरा चीक येई आणि आई ओरडे, तोंडात घालू नकोस, कडू असतं. त्या कडूपणात व्हिन्क्रिस्टीन आणि व्हिन्ब्लास्टीन असतात हे आईला ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. कॅनडात रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बीअर यांनी १९५०च्या दशकात जमैकाहून आलेल्या पानांतून व्हिन्ब्लास्टीन वेगळं काढलं. ते मधुमेहाचं औषध शोधत होते, आणि उंदरांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी घटल्या. पानांत हे द्रव्य इतकं थोडं असतं की किलोभर वाळल्या पाल्यातून चिमूटभरही हाती लागत नाही. १९८४ साली मुंबईच्या सिप्लानं पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेबरोबर ही दोन्ही औषधं देशात बनवण्याचं तंत्र विकसित केलं. १९७०च्या पेटंट कायद्यानं औषधाऐवजी ते बनवण्याच्या पद्धतीलाच पेटंट ठेवलं होतं, म्हणून भारतीय कंपन्यांना अशी वाट काढता आली. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या गिरणी संपानं ज्या वस्तीतल्या चुली थंडावल्या, तिथल्या रुग्णाला औषध परदेशातून मागवायचं की इथलं मिळायचं, हा फरक जगण्या-मरण्याचा होता.

दुसरं औषध प्लॅटिनमचं. मिशिगनला बार्नेट रोझेनबर्ग जिवाणूंवर विजेचा परिणाम तपासत होते. विजेसाठी प्लॅटिनमच्या पट्ट्या वापरल्या होत्या. जिवाणू विभागायचे थांबले आणि नुसते लांबत गेले, नेहमीच्या तीनशे पट. परिणाम विजेचा नव्हता, पट्टीतून द्रावणात उतरलेल्या प्लॅटिनमच्या संयुगाचा होता. हे १९६५ साली छापलं गेलं. त्यातून सिसप्लॅटिन आलं. १९७४ साली इंडियाना विद्यापीठात लॉरेन्स आइनहॉर्न यांनी ते व्हिन्ब्लास्टीन आणि ब्लिओमायसिनबरोबर, सगळे उपाय थकलेल्या एका विद्यार्थ्याला दिलं आणि तो बरा झाला. ब्लिओमायसिन जपानच्या हामाओ उमेझावांचं, मातीतल्या जिवाणूपासून काढलेलं. १९७७ साली आइनहॉर्न आणि जॉन डोनोह्यू यांनी पहिल्या रुग्णांचा अहवाल छापला. त्यातल्या सुमारे सत्तर टक्क्यांचा रोग पूर्ण गेला होता. पाच-दहावरून सत्तरावर! घट्ट गाठीच्या कर्करोगांत अशी झेप तोवर कुणी पाहिली नव्हती. १९८७ साली व्हिन्ब्लास्टीनच्या जागी एटोपोसाइड आलं, त्रास कमी झाला आणि बीईपी हे नाव रूढ झालं. सदाफुली या उपचारातून मागे सरली, इतर कर्करोगांत ती आजही आहे.

परळमध्ये या औषधांची शिस्त बसवणाऱ्यांत डॉ. सुरेश अडवाणींचं नाव घ्यावं लागतं. आठव्या वर्षी पोलिओ झालेले, व्हीलचेअरवरून वॉर्डात फिरणारे. १९८३ साली टाटात त्यांनी देशातलं पहिलं यशस्वी अस्थिमज्जा प्रत्यारोपण केलं. किमोथेरपी ही शस्त्रक्रियेची शेपटी नव्हे, तिचं स्वतंत्र शास्त्र आहे, हे या पिढीनं इथे रुजवलं.

पण सगळे बरे होत नव्हते, आणि जे बरे होत होते त्यांच्यातल्या काहींना गरजेपेक्षा जास्त औषध मिळत होतं. सिसप्लॅटिन मूत्रपिंडांना आणि कानांना धरतं. त्यासाठी आधी आणि नंतर सलाईनच्या बाटल्यांमागून बाटल्या चढवाव्या लागतात. ब्लिओमायसिन फुफ्फुसं आखडवतं. गिरणगावात हे कुणाला समजावून सांगावं लागत नसे. ब्लो रूममध्ये आणि कार्डिंग खात्यात वर्षानुवर्षं कापसाची धूळ ओढलेल्यांची धाप इथे घरोघर माहीत होती. ज्याची छाती आधीच कमजोर, त्याला हे औषध देताना हात आखडावाच लागतो. मग कुणाला किती? प्रत्येक मोठं रुग्णालय आपापले नियम वापरत होतं आणि एकाचे निकाल दुसऱ्याशी जुळवता येत नव्हते.

१९९७ साली ते जुळले. युरोप, उत्तर अमेरिका, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड इथल्या दहा देशांतल्या डॉक्टरांनी आपापली कपाटं उघडली आणि सेमिनोमाखेरीज इतर प्रकारचे ५,२०२ रुग्ण व सेमिनोमाचे ६६० रुग्ण एकत्र तपासले. उत्तर आश्चर्य वाटावं इतकं सोपं निघालं. गाठ कुठे सुरू झाली, फुफ्फुसांपलीकडे यकृत, हाडं, मेंदू अशा अवयवांत गेली का, आणि किमोच्या आधी तीन आकडे किती, एवढ्यावर रुग्णांचे तीन गट पडले. सेमिनोमाखेरीजच्या प्रकारात एएफपी १,००० च्या आत आणि एचसीजी ५,००० च्या आत असेल तर चांगला गट, १०,००० आणि ५०,००० च्या वर कुठलाही एक आकडा गेला तर वाईट, मधले ते मध्यम. चांगल्या गटातले शंभरातले ९२ पाच वर्षांनी जिवंत होते, मध्यमातले ८०, वाईटातले ४८. चांगल्या गटाला बीईपीच्या तीन फेऱ्या पुरतात, हे आधीच कळलं होतं. उरलेल्या दोन गटांना चार. भारत त्या दहा देशांत नव्हता, तरी परळच्या ओपीडीत हेच कोष्टक लागू झालं, कारण पेशी पासपोर्ट दाखवत नाही.

आकड्याचा मान इतका वाढला की तो सूक्ष्मदर्शकालाही खोडू लागला. निव्वळ सेमिनोमा एएफपी बनवत नाही. काचेवर सेमिनोमा दिसला, पण रक्तात एएफपी वाढलेलं असलं आणि यकृत निरोगी असलं, तर रुग्णावर दुसऱ्या प्रकाराचे उपचार करतात. गाठीच्या न कापलेल्या कोपऱ्यात त्या प्रकारचं काहीतरी दडलेलं आहे, असं धरून चालतात. खानोलकरांच्या काळात हे कुणाला पटलं नसतं, पण स्वतः खानोलकरांना पटलं असतं असं मला वाटतं. पुरावा मोजता आला तर त्यांना तो हवाच असे.

या कोष्टकाचं सर्वांना ठाऊक असलेलं उदाहरण मुंबईच्याच मैदानावर उभं होतं. २ एप्रिल २०११ च्या रात्री वानखेडेवर धोनीनं षटकार मारला तेव्हा दुसऱ्या टोकाला युवराज सिंग होता. ३६२ धावा आणि १५ बळी, स्पर्धेचा मानकरी. वर्ष उलटण्याआधीच कळलं की त्याच्या छातीत, दोन फुफ्फुसांच्या मधे, सेमिनोमाची गाठ आहे. बीजपेशींचा कर्करोग क्वचित वृषणाबाहेर, गर्भात पेशी ज्या वाटेनं सरकतात त्या मधल्या रेषेवर सुरू होतो. इथे कोष्टक बघा. छातीतली हीच गाठ दुसऱ्या प्रकारची असती तर तो थेट वाईट गटात गेला असता. सेमिनोमात मात्र गाठ कुठे सुरू झाली याला महत्त्व नाही, आणि वाईट गटही नाही. २०१२ च्या सुरुवातीला इंडियानात, आइनहॉर्न यांच्याच देखरेखीखाली, त्यानं किमोच्या तीन फेऱ्या घेतल्या आणि सप्टेंबरमध्ये तो भारताकडून पुन्हा खेळला. त्याच्यामुळे बऱ्याच घरांत या रोगाचा शब्द पहिल्यांदा मोठ्यानं उच्चारला गेला. ते हवंच होतं, कारण आपल्याकडे खरा उशीर होतो तो लाजेनं. दुखत नाही म्हणून, अंडवृद्धी असेल म्हणून, आईला कसं सांगायचं म्हणून महिने जातात. कधी घाईत पिशवीवरच चीर देऊन गाठ काढली जाते. ती जांघेतूनच काढायला हवी, नाहीतर रोगाला नवी वाट मिळते.

२०२१ साली त्याच गटांचा नव्या रुग्णांवर पुन्हा हिशेब झाला. चांगल्या गटातले ९६, मध्यमातले ८९, वाईटातले ६७. बीईपी तेच, पण ती देणाऱ्या हातांचा अनुभव, वेळेवरची फेरी आणि नंतरची शस्त्रक्रिया सुधारली. वेळेवरची फेरी हे शब्द परळला फार जड आहेत. फेरी एकवीस दिवसांची. सिंधुदुर्ग किंवा यवतमाळहून आलेल्या मुलानं पेरणीसाठी, गणपतीसाठी गावी जाऊन पंधरा दिवस उशिरा परतायचं नसतं. म्हणून दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळचं नाना पालकर स्मृती समितीचं रुग्ण सेवा सदन ही माझ्या लेखी या उपचाराचाच भाग आहेत. मुंबईत अंथरूण टाकायला जागा मिळाली, तरच तो मुलगा एकविसाव्या दिवशी रांगेत असतो.

आणि एकविसावा दिवस आता आणखी काही सांगतो. आकडे किती आहेत याबरोबर किती वेगानं उतरतात हेही मोजायचं असतं. रक्तातलं एचसीजी साधारण दीड दिवसात निम्मं होतं, एएफपी पाच-सात दिवसांत. किमो सुरू झाल्यावर पहिल्या आठवड्यात पेशी फुटून आकडा उलट चढूही शकतो, त्यानं घाबरायचं नसतं. पण पहिल्या फेरीच्या शेवटी उतार मंद असेल, तर वाईट गटातल्या रुग्णांत ती धोक्याची खूण. फ्रान्समधल्या डॉक्टरांनी अशा मंद उताराच्या रुग्णांना पुढे जास्त तीव्र औषधं दिली. २०१४ साली छापलेल्या त्यांच्या निकालात तीन वर्षांनी रोग न वाढलेले शंभरात ५९ होते, नेहमीच्या औषधावर ४८. ज्यांचा उतार चांगला, त्यांना ती जादा तीव्रता सोसावी लागली नाही.

दादरहून सकाळी आठच्या आत निघालेला असा एखादा मुलगा, डोक्याला रुमाल बांधलेला, टाटात रक्त देतो. नळी थोडा वेळ उभी ठेवतात, मग यंत्रात गरगर फिरवतात. तांबडं खाली बसतं आणि वर गवताच्या रंगाचं पारदर्शक पाणी उरतं. त्यातलं थेंबभर यंत्र उचलतं. सुरुवातीला त्याचं एएफपी ८,००० होतं. आठवड्याला निम्मं धरलं तर ४,०००, मग २,०००. फाईलच्या मागच्या पुठ्ठ्यावर त्यानं पेन्सिलीनं आजची तारीख लिहून ठेवली आहे, आणि तिच्यापुढे १,०००.